शिकागो ते सॅक्रामेंटो रेल्वेने: दादरच्या एका प्रवासी संस्थेच्या सहलीचे परीक्षण

मुलगा कॅलिफोर्नियात, आईवडील मुलुंडला आणि दोन-तीन वर्षांआड सहा महिने अमेरिकेत मुक्काम, ही आता मुंबईतल्या बऱ्याच घरांची रीत झाली आहे. अशा मुक्कामात दिसणारी अमेरिका म्हणजे मुलाच्या घरामागची हिरवळ, भारतीय किराणा मालाचे दुकान, एखादे देऊळ आणि शनिवार-रविवारी मोटारीच्या खिडकीतून मागे पळणारा महामार्ग, एवढीच असते. दोनदा असे राहून आल्यावर गेल्या सप्टेंबरात तिसऱ्या खेपेला आम्ही उभयतांनी ठरवले, की थेट सॅन फ्रान्सिस्कोला न जाता शिकागोला उतरायचे आणि तिथून मुलाकडे रेल्वेने जायचे. मी एकतीस वर्षे मराठी शाळेत इतिहास शिकवला आणि माझे यजमान मध्य रेल्वेत इंजिन चालवत निवृत्त झाले. त्यामुळे ही कल्पना कोणाची, यावर आमच्यात अजूनही एकमत नाही.

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या चालवणाऱ्या ॲमट्रॅक कंपनीची ‘कॅलिफोर्निया झेफिर’ ही गाडी शिकागोहून रोज दुपारी दोनच्या सुमारास सुटते आणि सुमारे ३,९०० किलोमीटर जाऊन तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी एमरीव्हिलला पोहोचते. तिकिटे आम्हाला घरबसल्या काढता आली असती, परंतु मधले मुक्काम, हॉटेले आणि स्थानकावरून ने-आण हे सगळे आपण जुळवण्यापेक्षा कोणावर तरी सोपवावे, म्हणून दादर पश्चिमेच्या एका प्रवासी संस्थेकडे गेलो. ही संस्था गटाच्या सहलींबरोबर ‘स्वतंत्र सहल’ नावाची सेवा देते. तीत बरोबर मार्गदर्शक नसतो; सगळी आरक्षणे आणि मराठीतली एक छापील पुस्तिका मिळते. शिकागोत दोन रात्री, एक रात्र गाडीत, डेन्व्हरला दोन रात्री, पुन्हा एक रात्र गाडीत आणि शेवटची सॅक्रामेंटोत, अशा सात रात्रींचे दोघांचे मिळून विमानभाडे सोडून सुमारे पावणेतीन लाख रुपये झाले. हे परीक्षण मुख्यतः त्या सेवेचे आहे, परंतु गाडीविषयी आणि तिच्या वाटेविषयी लिहिल्याशिवाय सेवेत काय मिळाले आणि काय राहून गेले, ते सांगता येणार नाही.

आधी जे चांगले, ते. आरक्षणांत एकही चूक नव्हती. गाडीत आम्हाला ‘रूमेट’ नावाची दोघांची खोली मिळाली. रुंदीला साडेतीन फूट आणि लांबीला साडेसहा फूट असलेल्या जागेला खोली म्हणणे धाडसाचे आहे, पण समोरासमोरच्या दोन खुर्च्या रात्री जोडल्या की खालचा बिछाना होतो, वरचा भिंतीतून खाली येतो आणि सरकते दार लावले की आपण आणि आपली खिडकी. संडास आणि न्हाणीघर डब्यात सामाईक असतात. स्लीपरच्या भाड्यात भोजनयानातली जेवणे धरलेली असतात. आमच्या शाकाहाराची सूचना संस्थेने पुढे कळवलीच नव्हती, हे पहिल्याच जेवणाला उघड झाले. डब्यातल्या सेवकाने स्वतः खटपट करून ती निस्तरली आणि उरलेली कसर मुलुंडच्या शेंगदाणा चटणीने भरून काढली. भोजनयानात चौघांच्या मेजावर अनोळखी माणसांशेजारी बसवतात. आपल्याकडे द्वितीय श्रेणीत डबा उघडल्यावर जी ओळख होते, ती तिथे अशी घडवून आणली जाते.

शिकागोविषयी थोडेच लिहिते, कारण तिथे संस्थेने नेमलेली स्थानिक मार्गदर्शिका उत्तम होती. विवेकानंदांनी १८९३ साली ज्या सर्वधर्म परिषदेत भाषण केले, ती भरली होती ती इमारत म्हणजे आजचे आर्ट इन्स्टिट्यूट, हे तिने आम्ही विचारण्याआधी दाखवले. १९२५ साली उघडलेल्या युनियन स्टेशनच्या मोठ्या दालनातल्या लाकडी बाकांवर बसल्यावर यजमानांनी पहिला शेरा मारला, की आपल्या बोरीबंदराचे छत अधिक देखणे आहे, बाक मात्र यांचे चांगले आहेत.

त्या दिवशी संध्याकाळी आयोवात शिरताना बर्लिंग्टनला मिसिसिपी ओलांडली, रात्री नेब्रास्का झोपेत गेले आणि सकाळी डेन्व्हरला आमची त्रेधा उडाली. अमेरिकेत रेल्वेच्या वेळापत्रकात प्रत्येक स्थानकाची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे असते. शिकागो आणि डेन्व्हर यांच्यात एका तासाचा फरक आहे. संस्थेच्या पुस्तिकेत सगळ्या वेळा शिकागोच्या घड्याळाने छापल्या होत्या, त्यामुळे डेन्व्हर ‘सकाळी ८.१५’ असे वाचून आम्ही निवांत होतो आणि भ्रमणध्वनीवरचे घड्याळ मात्र रात्रीत आपोआप मागे गेले होते. पावणेसातला सेवकाने दार ठोठावून अर्ध्या तासात डेन्व्हर आल्याचे सांगितले, तेव्हा यजमानांच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता आणि माझी अर्धी साडी बॅगेत, अर्धी बाहेर. ज्या माणसाने पस्तीस वर्षे मिनिटांच्या हिशेबाने गाडी चालवली, त्याच्यावर ही वेळ यावी, हे त्यांना अजून पचलेले नाही. छापील वेळांखाली ‘शिकागोची वेळ’ असे दोन शब्द घातले असते, तरी हे टळले असते.

डेन्व्हरच्या दोन दिवसांपैकी एक रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानासाठी होता. तिथली ‘ट्रेल रिज रोड’ ही सडक १२,१८३ फुटांपर्यंत चढते. तिथे पायाखाली झाडे संपलेली असतात, खुरटे गवत आणि दगड उरतात आणि मुंबईच्या फुप्फुसांना चार पावलांत वय कळते. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरून येणाऱ्या पर्यटकांना या उद्यानासह अकरा राष्ट्रीय उद्यानांत नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज माणशी १०० डॉलर अधिक पडतात. वर्षाचा पास घेतला तर हे अधिकचे शुल्क लागत नाही, पण तो पासही परदेशी माणसाला आता २५० डॉलरला आहे. आम्ही त्याआधी जाऊन आलो. आता अशी सहल ठरवणाऱ्याने ही रक्कम संस्थेने दरात धरली आहे का, ते आधी विचारावे.

खरा प्रवास सुरू झाला तो डेन्व्हरहून सकाळी पुन्हा गाडीत बसल्यावर. झेफिरला एक निरीक्षणयान असते. त्याच्या काचा बाजूने वर जात थेट छतात वळलेल्या असतात आणि खुर्च्या खिडकीकडे तोंड करून मांडलेल्या असतात. हे यान सगळ्या प्रवाशांना खुले असते, आरक्षण नसते, त्यामुळे डेन्व्हर सोडण्यापूर्वीच जागा धरलेली बरी. आम्ही मुंबईकर असल्याने ते कोणी शिकवावे लागले नाही.

शहर संपताच गाडी सपाटीवरून एकदम चढू लागते. समोर भिंतीसारखा डोंगर उभा आहे आणि गाडी त्याच्याकडे न जाता मोठे वळण घेऊन पाठ फिरवते, पुन्हा वळते आणि तोवर दोनशे-तीनशे फूट वर आलेली असते. या वळणाला ‘बिग टेन’ म्हणतात, कारण ते दहा अंशांचे आहे. वळणाच्या आत वाळूने भरलेल्या मालडब्यांची एक रांग कायमची उभी करून ठेवली आहे. डोंगरावरून येणारा वारा गाडीला ढकलू नये, म्हणून केलेला हा आडोसा आहे. यजमान काचेला नाक लावून ती रांग पाहत होते. “वाऱ्यासाठी डबे उभे करून ठेवलेत, हे मी आपल्या घाटात कधी पाहिलं नाही,” ते म्हणाले आणि मग बराच वेळ गप्प राहिले. पुस्तिकेत या जागी फक्त ‘रॉकी पर्वताची विलोभनीय दृश्ये’ एवढेच आहे.

त्यानंतर बोगदे लागतात. दोन डझनांहून अधिक लहान बोगदे ओलांडल्यावर येतो तो सहा मैलांहून अधिक लांबीचा मॉफॅट बोगदा. गाडी आत शिरण्यापूर्वी सूचना होते, की पुढची दहा-बारा मिनिटे कोणीही एका डब्यातून दुसऱ्यात जाऊ नये, कारण दारे उघडली तर इंजिनाचा धूर आत येतो. डेव्हिड मॉफॅट हे डेन्व्हरचे एक सावकार. डोंगराच्या पोटातून बोगदा काढून डेन्व्हरला पश्चिमेशी थेट जोडायचे, या ध्यासात त्यांची संपत्ती गेली आणि बोगदा न पाहताच ते १९११ साली वारले. तोवर गाड्या साडेअकरा हजार फुटांहून उंच खिंडीवरून, बर्फाशी झगडत जात. बोगदा १९२८ साली उघडला. त्याच्या माथ्यावरून खंडाचा जलविभाजक जातो: पूर्वेला पडलेले पाणी अखेर मेक्सिकोच्या आखातात जाते आणि पश्चिमेचे पॅसिफिककडे वळते. लोणावळ्याच्या बाजूला उगम पावून इंद्रायणी बंगालच्या उपसागराची वाट धरते आणि तिथून फार लांब नसलेली उल्हास अरबी समुद्राकडे उतरते, हे भूगोलाच्या तासाला ज्यांनी पाठ केले आहे, त्यांना इथे काय घडते आहे ते लगेच कळेल. आमच्या घाटात ते दोन हजार फुटांवर घडते, इथे नऊ हजारांवर, फरक एवढाच.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात कोलोरॅडो नदी सोबतीला येते आणि मग सुमारे २३८ मैल ती सोडत नाही. सप्टेंबरच्या मध्यात काठावरची ॲस्पेनची झाडे पिवळी पडू लागलेली असतात. डोंगरउतारावर हळदीचे हात उमटावेत, तसे त्यांचे पुंजके दिसतात. नदीत रबरी होड्यांतून जाणाऱ्या हौशी मंडळींची एक जुनी प्रथा अशी, की गाडी आली की पाठमोरे उभे राहून विजार खाली करून प्रवाशांना सलामी द्यायची. नदीच्या या भागाला त्यावरून थट्टेने निराळे नावही पडले आहे. आमच्या निरीक्षणयानात तेव्हा एक ख्रिस्ती जोगीण बसली होती. सगळ्यात मोठ्याने तीच हसली.

ग्लेनवूडची दरी आली, तेव्हा मला या प्रवासातला पहिला धक्का बसला. दरीत नदीच्या एका काठाने रेल्वे आणि दुसऱ्या काठाने १९९२ साली पुरा झालेला महामार्ग, वर दोन्हीकडे शेकडो फूट ताशीव कडे. जनरल मोटर्सचे एक अधिकारी सायरस ऑसबर्न १९४४ साली याच दरीतून इंजिनात बसून गेले. जे दृश्य ड्रायव्हरला दिसते ते डब्यातल्या प्रवाशाला का दिसू नये, असे त्यांना वाटले आणि त्यातून छतावर काचेचा घुमट असलेला डबा तयार झाला. त्याला ‘व्हिस्टा-डोम’ म्हणत. १९४९ साली मूळची कॅलिफोर्निया झेफिर सुरू झाली, ती असे डबे मिरवतच. डेक्कन एक्स्प्रेसला २०२१ साली जोडलेल्या व्हिस्टाडोम डब्यातून खंडाळ्याचा पाऊस पाहायला आम्ही दोनदा गेलो आहोत, पण ही कल्पना या दरीत सुचली, हे कोणी सांगितले नव्हते. मुंबईच्या संस्थेने मुंबईच्या गिऱ्हाइकाला सांगावी, अशी याहून सोपी गोष्ट कोणती? पुस्तिकेत ग्लेनवूड स्प्रिंग्ज या गावासाठी ‘गरम पाण्याच्या झऱ्यांचे पर्यटनस्थळ’ असे चार शब्द आहेत. तिथे एक रात्र उतरू द्या, असे आम्ही नोंदणीच्या वेळी सुचवले होते. ‘तिथे पाहण्यासारखं विशेष नाही, मॅडम’ असे उत्तर मिळाले.

त्या झऱ्यांवर गोऱ्यांच्या आधी यूट लोक येत. पश्चिम कोलोरॅडो हा सगळा त्यांचाच मुलूख होता. १८७९ च्या संघर्षानंतर सरकारने १८८१ साली त्यांच्यातल्या बहुतेकांना इथून उठवून पलीकडे युटात नेले. सुमारे दोन तासांनी लागणारे ग्रँड जंक्शन हे मोठे गाव त्याच वर्षी वसले. लोक निघाले आणि काही दिवसांतच त्यांच्या जमिनीवर नगराची आखणी झाली. युटा या राज्याचे नावच मुळी त्यांच्यावरून पडले आहे. दोन राज्यांची सीमा रूबी कॅनियनमध्ये लाल कड्यावर रंगाने लिहून ठेवली आहे. ती दिसली की प्रवासी छायाचित्रे घेतात, आम्हीही घेतली. पण गाडीच्या खिडकीतून दिसणारा हा एवढा सुंदर आणि एवढा रिकामा प्रदेश आपोआप रिकामा झालेला नाही, हे माहीत असले की ते छायाचित्र निराळे दिसते. विद्यार्थ्यांना सनावळ्या पाठ करायला लावणाऱ्या माझ्यासारखीला हे खिडकीत बसल्यावर अधिक कळले, याची थोडी लाजही वाटली.

युटातली संध्याकाळ हा माझ्या लेखी या सहलीचा कळस. ऊन उतरू लागले की उजवीकडचे बुक क्लिफ्स नावाचे लांबच लांब कडे राखाडीचे गुलाबी होतात आणि मैलोगणती एक घर दिसत नाही. साडेसातच्या सुमारास, दिवेलागणीला, गाडी हेल्पर नावाच्या लहानशा स्थानकावर थांबली. यजमान पाटी वाचून म्हणाले, “हे काय नाव आहे गावाचं?” समोरच्या खुर्चीवरच्या एक वृद्ध बाई तिथे उतरायच्या तयारीत होत्या. त्यांनी सांगितले, की इथून पुढे सोल्जर समिटचा चढ लागतो. वाफेच्या काळात गाडी वर ढकलायला जादा इंजिने, म्हणजे ‘हेल्पर’, इथे जोडत, म्हणून गावाचे नाव हेल्पर. यजमान ताडकन उभे राहिले. “अगं, कर्जत! हे यांचं कर्जत आहे! बँकर लावायची जागा!” त्यांच्या नोकरीची कितीतरी वर्षे कर्जतहून गाड्यांना मागून रेटा देत लोणावळ्याला पोहोचवण्यात गेली. त्यांनी त्या बाईंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत हाताने इंजिन ढकलून दाखवत ते समजावून सांगितले. बाईंचे आजोबा ग्रीसमधून इथल्या कोळशाच्या खाणीत आले होते. याच परिसरात स्कोफील्डच्या खाणीत १९०० साली स्फोट होऊन दोनशे माणसे मेली, हेही त्यांच्याकडूनच कळले. ग्रीस, इटली, जपान, बाल्कन अशा कुठून कुठून आलेल्या माणसांनी हे गाव वसवले. थांबा पाच मिनिटांचा होता. बाई उतरल्या आणि फलाटावरून त्यांनीही हाताने इंजिन ढकलल्यासारखे करून निरोप दिला.

पुस्तिकेत हेल्पर नाही. त्या पानावर ‘रात्रीचे भोजन गाडीत’ एवढेच आहे.

पुढचे सॉल्ट लेक सिटी रात्री अकराला येते आणि नेवाडा बहुतांशी झोपेत जाते. हे गाडीच्या वेळापत्रकातले उणे आहे, पण कोणत्याही लांबच्या गाडीला काही ना काही अंधारात ओलांडावेच लागते. पहाटे विनेमुक्काच्या पुढे जाग आली, तर रूळ हंबोल्ट नदीच्या सोबतीने जाताना दिसतात. कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या बैलगाड्यांची वाटही याच नदीकाठाने जात असे. नदी पुढे वाळवंटात जिरून जाते आणि तिथून ट्रकी नदीपर्यंत चाळीस मैल पाणी नसे. वातानुकूलित डब्यात कॉफीचा पेला हातात धरून तो चाळीस मैलांचा पट्टा पाहताना कॉफी काही गोड लागत नाही.

रीनो सोडल्यावर गाडी सिएरा नेवाडा चढते आणि ट्रकीच्या पुढे उजव्या हाताला खाली डोनर सरोवर येते. इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डहून १८४६ च्या वसंतात निघालेल्या कुटुंबांचा तांडा जवळचा म्हणून सांगितलेला रस्ता धरून रखडला आणि या सरोवरापाशी बर्फात अडकला. सत्त्याऐंशी माणसांपैकी निम्मीच्या आसपास वाचली आणि वाचलेल्यांतल्या काहींनी मेलेल्यांचे मांस खाल्ले. त्यांच्या स्मारकाचा चौथरा बावीस फूट उंच आहे, कारण त्या हिवाळ्यात बर्फ तेवढे साचले होते. आम्हीही इलिनॉयहूनच निघालो होतो. डेन्व्हरचा मुक्काम वजा केला, तर दोन दिवसही लागले नव्हते.

ही खिंड रेल्वेने कशी ओलांडली, हा या प्रवासातला सर्वांत मोठा विषय आहे आणि आपल्याला तो मुळीच परका नाही. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या कामाची पहिली कुदळ सॅक्रामेंटोत ८ जानेवारी १८६३ रोजी पडली. त्याच वर्षी २१ एप्रिलला आपल्याकडे बोरघाटाची रेल्वे गव्हर्नर फ्रियर यांनी खुली केली. म्हणजे आपला घाट संपला, तेव्हा यांचा सुरू होत होता. यजमानांनी तत्काळ चढाचा हिशेब मांडला. सिएरावर जास्तीत जास्त चढ मैलाला ११६ फूट, म्हणजे पंचेचाळीसला एक. आपल्याकडे सदतीसला एक. “आपला अवघड,” ते समाधानाने म्हणाले. उंचीत मात्र ते हरले: खंडाळा दोन हजार फुटांवर, ही खिंड सात हजारांवर आणि वर बर्फ. त्या बर्फापासून रूळ वाचवण्यासाठी तीस मैलांहून अधिक लांबीची लाकडी छपरे रुळांवर बांधावी लागली होती.

हा घाट फोडला तो मुख्यतः चिनी मजुरांनी. १८६५ पासून कंपनीने त्यांची भरती केली आणि काही वर्षांतच कामावरच्या दहा माणसांतली आठ-नऊ चिनी होती. त्यांना गोऱ्या मजुरांपेक्षा पगार कमी आणि जेवणखाण पदरचे. जून १८६७ मध्ये हजारो जणांनी समान वेतन आणि बोगद्यातले तास कमी करण्याच्या मागणीसाठी काम बंद केले, तेव्हा कंपनीचे चार्ल्स क्रॉकर यांनी अन्नाचा पुरवठा तोडला आणि आठवडाभरात संप मोडला. १० मे १८६९ रोजी प्रॉमन्टरी येथे पूर्वेचे आणि पश्चिमेचे रूळ जोडले गेले. त्या दिवसाच्या प्रसिद्ध छायाचित्रात चिनी चेहरा जवळजवळ दिसत नाही. १८८२ साली तर चिनी मजुरांना देशात येण्यासच बंदी करणारा कायदा झाला आणि तो १९४३ पर्यंत टिकला. त्या मजुरांपैकी एकाचेही पत्र किंवा रोजनिशी अभ्यासकांच्या हाती लागलेली नाही. बोरघाटातल्या मजुरांची गोष्ट वेगळी नाही. एका वेळी चाळीस हजारांवर माणसे तिथे राबत होती. अभियंता बर्कले यांचे नाव आपल्याला ठाऊक असते. कंत्राटदार ट्रेडवेल १८५९ साली आल्या आल्या वारल्यावर त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते कंत्राट पुढे चालवले, हेही मी वर्गात कौतुकाने सांगत असे. कातळाला सुरुंग लावणाऱ्या एका माणसाचे नाव मात्र मला तेव्हाही सांगता आले नव्हते.

सॅक्रामेंटोला उतरल्यावर संस्थेने आमच्यासाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ एका मोठ्या मॉलमध्ये खरेदीसाठी राखून ठेवली होती. स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर कॅलिफोर्नियाचे राज्य रेल्वे संग्रहालय आहे. त्याचा उल्लेख कार्यक्रमात नव्हता, पुस्तिकेत नव्हता आणि दूरध्वनीवर विचारले तेव्हा दादरच्या कार्यालयातल्या मुलीला ते माहीतही नव्हते. तिला दोष देत नाही. कार्यक्रम आखणाऱ्याला द्यायला हवा. आम्ही मॉल रद्द केला. संग्रहालयात सेंट्रल पॅसिफिकचे पहिले इंजिन ‘गव्हर्नर स्टॅनफर्ड’ उभे आहे. ते फिलाडेल्फियात बनले आणि दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जहाजाने इथे आले, कारण ज्या रेल्वेने ते यायचे ती बांधण्यासाठीच तर ते हवे होते. आपली पहिली इंजिनेही विलायतेहून बोटीनेच आली होती. तिथे चिनी मजुरांवर स्वतंत्र दालन आहे. आम्ही सकाळी दहाला शिरलो आणि मुलगा न्यायला आला, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

मुलाने पुढच्या शनिवारी आम्हाला मोटारीने परत डोनरच्या खिंडीत नेले. हा भाग सहलीत नव्हता, पण सहलीत असायला हवा होता, म्हणून लिहिते. जुना शिखरबोगदा १,६५९ फूट लांबीचा आहे. १९९३ साली त्यातून जाणारा मार्ग बंद करून रूळ काढले आणि आता लोक तिथे चालत जातात. आजची झेफिर जवळच्याच नव्या बोगद्यातून जाते. विजेरी लावून भिंतीजवळ गेले, की ग्रॅनाइटवर ठिकठिकाणी अर्धगोल खोबणी दिसतात. तीन माणसांनी, एकाने पहार धरून आणि दोघांनी घण घालून पाडलेल्या भोकांच्या त्या उरलेल्या अर्ध्या बाजू. दोन्ही टोकांकडून आणि मध्ये विहीर खणून आतून दोन्हीकडे, असे चार तोंडांनी काम चाले, तरी एका तोंडाला दिवसाला फूटभराच्या आसपासच दगड सरके. १८६६-६७ च्या हिवाळ्यात मजूर बर्फाखाली खोदलेल्या भुयारांतून ये-जा करत होते. यजमानांनी एका खोबणीत अंगठा घातला. तो बरोबर बसला. मग त्यांनी तो तिथेच थोडा वेळ ठेवला.

आता ज्यांना ही सहल घ्यायची आहे, त्यांच्यासाठी. आरक्षणे, हॉटेलांची निवड आणि शिकागो-डेन्व्हरच्या स्थानिक व्यवस्था यांसाठी ही संस्था मला विश्वासार्ह वाटली. ज्यांना इंग्रजीत फोन करून बदल करणे जमत नाही, त्यांनी तिचे शुल्क जरूर मोजावे. मात्र तीन गोष्टी सही करण्यापूर्वी लिहून घ्याव्यात: वेळा स्थानिक घड्याळाच्या हव्यात, ग्लेनवूड स्प्रिंग्जला एक रात्र हवी आणि सॅक्रामेंटोत मॉलऐवजी संग्रहालय हवे. खोली घेताना गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची मागावी, डबे दुमजली आहेत आणि वरच्या मजल्यावर जाणारा जिना अरुंद आणि वळणाचा आहे. पश्चिमेला रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांच्या मालकीचे असल्याने वेळापत्रक मागे-पुढे होऊ शकते, तेव्हा उतरल्या दिवशीच पुढचे विमान धरू नये. डोंगरांत भ्रमणध्वनी तासन् तास मुका असतो. वाचायचे ते आधी उतरवून ठेवावे किंवा छापून न्यावे. आणि मे ते सप्टेंबर याच काळात जावे, म्हणजे हेल्पर उजेडात येते.

परत आल्यावर मी संस्थेला चार पानी पत्र पाठवले. व्यवस्थापकांनी स्वतः फोन करून दिलगिरी व्यक्त केली आणि गेल्या महिन्यात पुस्तिकेची नवी आवृत्ती घरी पाठवली. डेन्व्हरची वेळ दुरुस्त झाली आहे, संग्रहालयाला अर्धा दिवस मिळाला आहे आणि ग्लेनवूडचा मुक्काम जादा पैसे भरून घेता येतो. हेल्परच्या पानावर अजूनही ‘रात्रीचे भोजन गाडीत’ असेच आहे. यजमानांनी आमच्या प्रतीत तिथे पेन्सिलीने ‘कर्जत’ लिहून ठेवले आहे.